माईंचं नाव कोणी सांगायचं

सोमवार, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. इंदूर. जन्ममृत्यूच्या नोंदीची कचेरी, सकाळी साडेदहा ते दुपारी दोन.

हजर: अण्णा, म्हणजे तुमचे यजमान आणि माझे थोरले दीर. तुमची कमळ. नोंदणी कारकून दुबेजी. आतल्या खोलीतले साहेब. आणि मी. आमचे हे गिरणीत पाळीवर होते, म्हणून आले नाहीत.

काम एकच होतं. तुमच्या मृत्यूच्या नोंदीत तुमचं नाव घालायचं होतं.

माई, तुम्हाला जाऊन आज तेहतीस दिवस झाले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही पाणी मागितलंत आणि ते पिण्याआधीच गेलात. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. जे आले त्या सगळ्यांना ते सांगून झालंय, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते थोडं अधिक नीटनेटकं झालंय. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या कामांबद्दल. तुम्ही असतात तर ती कामं तुम्हीच मला करायला लावली असतीत, आणि वर हसला असतात.

तुम्ही गेलात त्याच दुपारी मी वही उघडली. मोठ्या नणंदेला ते आवडलं नाही. "अजून चूल पेटली नाही घरात, आणि शांता लिहीत बसलीय," असं ती ओसरीवर म्हणाली. मी लिहीत राहिले. चौदा कामं निघाली. पहिलं, मुंबईच्या दिरांना तार. दुसरं, दहाव्याचे भटजी. तिसरं, मृत्यूचा दाखला. ही वह्यांची सवय मला तुम्हीच लावलीत हे नणंदेला ठाऊक नाही. मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना बाईच्या हातातली पेन्सिल खपत नसे. अण्णा दरबारच्या दप्तरात होते. तिथले बाद झालेले, एका बाजूने कोरे कागद ते चुलीसाठी घरी आणत. तुम्ही त्यातले चांगले कागद बाजूला काढलेत, कापलेत, गोधडीच्या दोऱ्याने शिवलेत आणि तांदळाच्या डब्यामागे ठेवून मला म्हणालात, "घे. तुझं डोकं फार भरतं. थोडं इथे ओत." ती माझी पहिली वही. पुढच्या बावीस वर्षांत किती झाल्या ते मोजलेलं नाही. प्रत्येकीत कुठे ना कुठे तुमच्या अक्षरात एखादं काम घुसवलेलं असे. "शांताने दुपारी पडणे." "शांताने चिडणे बंद करणे." पहिल्यावर मी खूण केलेली आहे. दुसऱ्यावर नाही.

दाखला मला अकराव्या दिवशी मिळाला. जुना होळकरशाही छापील कागद, वरचा मथळा शाईने खोडलेला, खाली मध्यभारताचा नवा जांभळा शिक्का. मी शिक्का पाहिला, सही पाहिली, तारीख पाहिली. घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि तिसऱ्या कामापुढे खूण केली. नाव वाचलं नाही. माझ्या माणसाचं नाव मी काय वाचायचं, असं मला वाटलं असावं. खरं सांगायचं तर वाटलंही नसेल. मला पुढच्या कामाची घाई होती.

पुढचं काम कमळचं होतं. तिच्या नेमणुकीचा कागद तुम्ही पाहिला होतात, देवापुढे ठेवून साखर वाटली होतीत. देपालपूरची कन्याशाळा, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं. आठ वर्षं माहेरी काढलेल्या विधवा मुलीला चाळिशीच्या आत स्वतःची नोकरी मिळाली होती. अडचण राहण्याची होती. एकट्या बाईला खोली द्यायला तिथे कोणी तयार नव्हतं. पण तिथे तुमच्या वडिलांचं घर होतं. दोन खोल्या, एक ओटा, अंगणात कडुनिंब. वडिलांनी ते तुमच्या नावाने करून ठेवलं होतं आणि तुमच्यामागे ते कमळचं होणार होतं. किल्ली तुमच्या चुलतभावाकडे, गणूदादांकडे होती. "माझ्या पोरीला एक दार असावं, जे आतून लावायला कुणाला विचारावं लागणार नाही," हे तुमचं वाक्य. ते तुम्ही भांडी विसळताना बोलला होतात, म्हणून मला ते पाण्याच्या आवाजासकट आठवतं.

मी आणि कमळ सकाळच्या मोटारीने देपालपूरला गेलो. गणूदादा गव्हाचे व्यापारी, तुमच्या घराच्या दोन्ही खोल्यांत त्यांची पोती छतापर्यंत लावलेली. त्यांनी चहा दिला, तुमच्यासाठी डोळे पुसले, मग चष्मा लावून घराचा मोडीतला कागद काढला. मला मोडी येत नाही, कमळलाही नाही. त्यांनी बोट फिरवत वाचलं, "हे बघा वहिनी. 'मुलगी चिरंजीव यमुना हिस.' माझी यमुनाताई."

मी म्हटलं, "कोण?"

"कोण म्हणजे? ताई. तुमच्या माई."

माई, मी बावीस वर्षं तुमच्या शेजारच्या पाटावर जेवले. तुमचं नाव राधाबाई हे मला माहीत होतं, तेही हळदीकुंकवाला अण्णांच्या बहिणी 'राधावहिनी' म्हणत म्हणून. माहेरचं नाव मी विचारलं नव्हतं. माझं तुम्ही विचारलं होतंत, पहिल्याच आठवड्यात. गोदावरी. मला न्हाऊ घालताना, दोघीच असलो की, तुम्ही कधीकधी त्या नावाने हाक मारायचात.

गणूदादांनी मग दाखला उघडला. वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग कमळकडे बघत म्हणाले, "कमळे, चहा पी गं पोटभर. तू तर गेलीस."

कमळने कागद ओढून घेतला. 'मृतक का नाम: कमलाबाई. पिता अथवा पति: ' आणि पुढे अण्णांचं पूर्ण नाव. वयाच्या रकान्यात 'प्रौढ'. तिने तो दोनदा वाचला आणि माझ्या हातात दिला. मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

"म्हणजे सरकारच्या हिशेबी," गणूदादा म्हणाले, "जिच्या नावाचं घर आहे ती यमुनाताई जिवंत आहे, आणि जिला घर मिळायचं ती कमळ कार्तिकात वारली. मी किल्ली कुणाला देऊ, वहिनी? मी काय नाही म्हणतो? बरोबर कागद आणा, दुसऱ्या दिवशी पोती हलवतो." ते तसे वाईट नाहीत. पण बोलताना त्यांचा एक हात पोत्यावर होता.

परतीच्या मोटारीत कमळ म्हणाली, "काकू, शाळेत हजर होताना मी हा दाखला दाखवला तर पगार देतील की श्राद्धाचं जेवण?" हसली. एक तारखेला तेरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कचेरीत गेले. दुबेजींनी नोंदवही काढली, मसाणातून आलेली चिठ्ठी शोधली आणि त्यांना तो दिवसही आठवला. "बाई साब, मैंने तो तीन बार पूछा. नाम क्या लिखूँ? बाबूजी बोले, कमळची आई. मैंने कहा, उनका नाम? बोले, कमळची आई गेली हो. फिर रोने लगे. पीछे लाइन लगी थी. मैंने कमला लिख दिया. अब इसमें मेरी गलती है क्या?"

मी नाही म्हटलं. चूक त्यांची नव्हतीच. आपल्या घरात बायकोचं नाव पुरुष घेत नाहीत. अण्णा तुम्हाला हाक मारायचे ती "अगं ऐकलंस" अशी, तुमच्याबद्दल बोलायचे ते "कमळची आई" म्हणून. ज्या माणसाने तीस वर्षं दरबारात दुसऱ्यांची नावं वळणदार अक्षरात लिहिली, त्याला स्वतःच्या बायकोचं नाव रकान्यात सांगता आलं नाही. मी यांचं नाव तरी कुठे घेते? वर पाहा, पहिल्याच ओळींत "आमचे हे" लिहिलंय.

दुबेजींनी नियम सांगितला. ज्याने नोंद लिहवली त्यानेच ती सुधरवायची. साहेबांसमोर, शपथेवर, तोंडाने. लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं, दोन्ही.

घरी येऊन मी ते कमळला सांगितलं, अण्णा शेजारीच होते. तुम्हाला माहीत आहे, अण्णा माझ्याशी सरळ बोलत नाहीत. धाकट्या भावाची बायको, मध्ये कोणीतरी लागतं. ते कमळला म्हणाले, "काकूला सांग, दुसरा काही रस्ता बघ म्हणावं."

म्हणून मी दुसरा रस्ता बघितला. तुमची ट्रंक उपसली. लग्नाची पत्रिका नाही, पत्रं नाहीत, वडिलांची दोन पोस्टकार्डं होती त्यावर "चि. सौ. बाळीस आशीर्वाद". तिसऱ्या दिवशी तांदूळ मोजताना हातातली पितळी वाटी मी उलटी करून पाहिली. काठाखाली कोरलेलं आहे, यमुना. मला ते नाव तिथे आहे हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सासूबाईंचं नाव यमुना, त्यांच्या श्राद्धाला भटजी दरवर्षी ते मोठ्याने घेतात. वाटी त्यांची असं मी धरून चालले होते. ती तुमच्या रुखवतातली होती. बावीस वर्षं रोज राखेने मी तुमचं नाव घासत होते. 'मु'चा उकार आता चाचपून पाहावा लागतो.

तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचं भांडण समजलं.

तुम्ही म्हणाला होतात, "शांता, मला एकदा देपालपूरला घेऊन चल. कागदावर माझं नाव निराळं आहे. मी जिती आहे तोवर दोन्ही नावं एकत्र लिहून घेऊ." मी वहीत लिहिलं, 'माईंना घेऊन देपालपूर, नावाचं काम.' मग यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, मग छपराची कौलं, मग मुलाची परीक्षा. काम एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा मी पापड लाटत होते आणि म्हटलं, "घर काय पळून चाललंय, माई?" तुम्ही म्हणालात, "तुझ्या यादीत माझं काम नेहमी शेवटी." मी म्हटलं, "कागदावर कुठलं नाव आहे ते तरी सांगा, मी पत्र टाकून विचारते." तुम्ही म्हणालात, "ते मला या घरात घेता येत नाही." मला वाटलं, तुम्ही रुसून काहीतरी बोलताय. दोन दिवस आपण मिठाचं आणि पाण्याचं तेवढं बोललो.

सासूचं नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून तुम्हाला स्वतःचं नाव घेता येत नव्हतं. आणि सासूबाई जाऊन अठरा वर्षं झाली तरी तुम्ही ते घेतलं नाहीत. सून मीही आहे. यमुना हे नाव मीही कधी उच्चारलेलं नाही. लिहिलेलं चालतं, असं मी या कामापुरतं ठरवलंय.

कमळच्या लग्नात मी तुमच्याशी वाद घातला होता तोही आता निराळा वाटतो. तुम्ही व्याह्यांना निक्षून सांगितलंत, मुलीचं नाव बदलायचं नाही. मांडवात कुजबुज झाली. मी तुम्हाला कोठीच्या खोलीत नेऊन म्हटलं, "रीत आहे, माई. एवढ्यावरून कशाला वाकडेपणा?" तुम्ही म्हणालात, "तुला नाही कळायचं, गोदे." मला त्या हाकेचा राग आला होता. माझं म्हणणं मी अजून पुरतं सोडलेलं नाही. रीत मोडायची तर सगळ्यांना कारण सांगून मोडावी, तुमच्यासारखी गुपचूप नाही. पण कारण तुम्ही सांगणार कसं होतात?

आता आजचं. मी पिशवीत वाटी घेऊन गेले होते, अण्णांना वाचवता आलं तर पाहावं म्हणून. साहेबांनी ती हातात घेतली, फिरवली. मी खरं काय ते सांगितलं, सासूबाईंचंही नाव तेच. दुबेजी म्हणाले, "फिर तो ये सास की भी हो सकती है. बर्तन की गवाही नहीं चलती, बाई साब." बाहेरच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "भिया, जल्दी करो, हमारे यहाँ तो बच्चा पैदा हुआ है." सगळे हसले. अण्णा नाही हसले.

साहेबांनी विचारलं, "मृतक आपकी कौन थीं?"

"कमळची आई."

दुबेजींनी कपाळाला हात लावला. "अण्णासाब, यहीं से तो गड़बड़ हुई थी."

"मी लिहून देतो," अण्णा म्हणाले. "अक्षर चांगलं आहे माझं."

"लिखिए बाद में. पहले बोलिए."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आमच्यासमोर त्यांना ते जमायचं नाही. मी कमळचा हात धरला आणि दाराकडे निघाले.

"थांबा, शांताबाई," अण्णा म्हणाले. "तुम्हीही ऐका."

माई, बावीस वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलले. मी थांबले.

"राधा," ते म्हणाले. अगदी हळू. साहेबांनी मान हलवली. "और शादी के पहले?"

अण्णांनी पाणी मागितलं. प्याले. मग दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यमुना." आणि ते थांबले नाहीत. "माझ्या आईचं नाव यमुना. एका घरात दोन कशा चालणार? म्हणून मी ताम्हनात तांदळावर अंगठीने राधा लिहिलं. आईने सांगितलं ते लिहिलं. मला पहिलंच आवडलं होतं. पण हे तिला कधी सांगितलं नाही."

दुबेजींची लेखणी थांबली. "ये भी लिखूँ?"

"नको," अण्णा म्हणाले. "एवढं नको."

तुम्हाला हे ठाऊक होतं का, ते मला कळायचा मार्ग नाही. नसेल असं धरून मी इथे लिहून ठेवते आहे.

मग लाल शाईने 'कमलाबाई'वर रेघ आली, बाजूला साहेबांची सही, आणि वर दुबेजींच्या अक्षरात 'यमुनाबाई उर्फ राधाबाई'. कमळ वाकून पाहत होती. मेलेल्यांच्या यादीतून आपलं नाव खोडलं जाताना पाहणारी माणसं फार नसतील. शाई वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली, मग म्हणाली, "काकू, मला भूक लागली." अण्णांनी खालच्या दुकानातून तिघांना कचोऱ्या घेतल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांनी बाहेरचं काही खाल्लं नव्हतं. दोन खाल्ल्या.

नक्कल परवा मिळेल. या वेळी मी ती तिथेच उभी राहून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणार आहे. गुरुवारी कमळ आणि अण्णा देपालपूरला जातील. गणूदादांना मी आजच पत्र टाकलंय, पोती हलवायला सुरुवात करा. शुक्रवारी खोल्या झाडून सारवून घ्यायच्या, आतल्या बाजूला नवी कडी बसवायची. एक तारीख मंगळवारी आहे. वेळ पुरतो.

संध्याकाळी मी वही घेऊन बसले. चौदापैकी बारा कामांपुढे खुणा आहेत; कमळचं घर बाकी आहे, आणि तिसऱ्यापुढची, दाखल्याची खूण मी पुसली, ती परवा नक्कल हातात आल्यावर करायची. मग कमळने मागची पानं उलटली आणि जुन्या यादीतून उतरत आलेली ती ओळ तिला दिसली. 'माईंना घेऊन देपालपूर, नावाचं काम.'

"हे पण झालं की, काकू," ती म्हणाली. "खूण करा."

मी पेन्सिल घेतली. ओळ पुन्हा वाचली. नावाचं काम झालं आहे. पण ओळीत तेवढंच लिहिलेलं नाही. मी नवं पान काढलं आणि ती ओळ आहे तशी त्यावर उतरवून घेतली, सगळ्यांत वर.